पर्यायी भक्ष्य आणि फळबागांतील परभक्षी कीटक : एक ऐतिहासिक विवेचन

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळा व वासिंद यांच्या दरम्यान भातसा नदीच्या काठी खडवली हे गाव आहे. कल्याण ते वासिंद हा लोहमार्गाचा टप्पा १८५५ साली खुला झाला आणि या पट्ट्याचा मुंबईच्या बाजारपेठेशी थेट संबंध जोडला गेला. येथील मुख्य पीक भात. फळझाडे आहेत ती घराभोवतीच्या वाडीत, बांधावर आणि वरकस जमिनीच्या उतारांवर; अलीकडच्या दशकांत शेतघरांच्या आवारातही त्यांची लागवड झाली आहे. एकाच आवारात आंबा, पेरू, चिकू, सीताफळ व पपई, कुंपणाला जास्वंद आणि बांधाला आपोआप उगवलेली रुई, असे या मिश्र वाडीचे सर्वसाधारण स्वरूप असते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असतो, रुईवर पिवळा मावा असतो, आणि या दोहोंवर जगणारे ढालकिडेही तेथेच असतात. ही कुंपणावरची कीड समूळ नाहीशी करावी, की ढालकिड्यांचे अन्न म्हणून ती काही अंशी राहू द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ मशागतीचा वाटतो. वस्तुतः जैविक कीडनियंत्रणाच्या गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा उपस्थित झालेला आहे, आणि भारतातील एका प्रसिद्ध प्रयोगाचे यशापयश त्याच्या उत्तरावरच अवलंबून राहिले आहे.

विवेचनास आरंभ करण्यापूर्वी संज्ञा स्पष्ट करणे इष्ट होईल. जो कीटक आपल्या आयुष्यात अनेक भक्ष्ये मारून खातो तो परभक्षी. जो एकाच यजमानाच्या शरीरात किंवा शरीरावर वाढून अखेर त्यास मारतो तो परोपजीवी. ज्या किडीच्या निवारणासाठी परभक्षी हवा असतो ती मुख्य कीड होय. ती दुर्मिळ झाली असता परभक्षी ज्यावर निर्वाह करतो ते पर्यायी भक्ष्य. चेकोस्लोव्हाकियातील कीटकशास्त्रज्ञ इव्हो होडेक यांनी ढालकिड्यांच्या आहाराचा अभ्यास करताना आणखी एक महत्त्वाचा भेद दाखविला. काही भक्ष्यांवर ढालकिड्याची वाढ पूर्ण होते व मादी अंडी घालते; काही भक्ष्यांवर तो केवळ जिवंत राहतो. पहिल्या प्रकारचे अन्न आवश्यक, दुसऱ्या प्रकारचे पर्यायी. पोट भरणे आणि वंश वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवल्याखेरीज पुढील इतिहासाचा उलगडा होत नाही.

१. प्राचीन उदाहरण

फळबागेत परभक्षी कीटक बुद्धिपुरस्सर ठेवल्याचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा उल्लेख चीनमधील आहे. जी हान याच्या नावावर असलेल्या व परंपरेने इ. स. ३०४ मधील मानल्या जाणाऱ्या दक्षिणेकडील वनस्पतींवरील ग्रंथात, संत्रावर्गीय झाडांसाठी मुंग्यांची घरटी पिशव्यांतून बाजारात विकली जात असल्याचे वर्णन आहे. या मुंग्या म्हणजे झाडाची जिवंत पाने एकमेकांस विणून घरटे करणारी जाती होय. पुढील काळातील चिनी लेखनात एका झाडावरून दुसऱ्या झाडावर मुंग्यांना जाता यावे म्हणून बांबूचे पूल बांधण्याची पद्धतही नमूद आहे. हीच जाती कोकणातील आंबा-काजूच्या झाडांवर सर्वत्र आढळते.

ही पद्धत शतकानुशतके टिकली याचे एक प्रमुख कारण मुंग्यांच्या आहारात आहे. विणकर मुंगी कोणत्याही एका किडीवर अवलंबून नसते. ढेकण्या, अळ्या, भुंगेरे, जे सापडेल ते ती नेते. त्यामुळे एखादी कीड संपली तरी मुंग्यांचे वारूळ उपाशी मरत नाही. तथापि याच मुंग्या पिठ्या ढेकूण व खवले कीड यांच्या अंगातून स्रवणारा गोड रस पितात आणि त्या बदल्यात या किडींचे त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करतात. व्यापक आहाराचा लाभ आणि त्याची किंमत, या दोन्ही बाजू अशा रीतीने अगदी पहिल्याच उदाहरणात दिसून येतात.

२. कॅलिफोर्नियातील दोन ढालकिडे

आधुनिक जैविक नियंत्रणाचा इतिहास सामान्यतः १८८८ पासून मोजला जातो. कॅलिफोर्नियातील संत्र्यांच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या आयसेरिया पर्चेसी या कापशी खवले किडीने उद्ध्वस्त होऊ लागल्या, तेव्हा आल्बर्ट कोबेले यांना तिचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठी ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आले. त्यांनी धाडलेल्या पाचशेंच्या आसपास रोडोलिया ढालकिड्यांच्या संततीने दोन वर्षांच्या आत ती कीड आटोक्यात आणली. या यशाने जगभरच्या कृषिखात्यांचे लक्ष वेधून घेतले.

१८९१–९२ मध्ये कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातूनच दुसरा एक ढालकिडा आणला. क्रिप्टोलीमस माँट्रोझायरी हे त्याचे नाव. डोके व वक्षाचा पुढील भाग नारिंगी, पंख काळे, आणि आहार मुख्यतः पिठ्या ढेकणाचा. रोडोलिया हा जवळजवळ एकाच वर्गाच्या किडीवर जगणारा. क्रिप्टोलीमसचा आहार त्या मानाने पुष्कळ व्यापक. पहिला भक्ष्य विरळ झाले तरी ते शोधून काढण्यात निष्णात होता. दुसऱ्यास मात्र दाट भक्ष्य लागे, आणि कॅलिफोर्नियाच्या अंतर्भागातील हिवाळा त्यास सोसेना. परिणामी तो दरवर्षी नव्याने सोडणे भाग पडले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बटाट्याच्या कोंबांवर पिठ्या ढेकूण वाढवून त्यावर क्रिप्टोलीमस पोसण्याची रीत तेथे सिद्ध झाली आणि स्मिथ व आर्मिटेज यांनी तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. संत्र्याच्या बागेत सोडावयाचा ढालकिडा बटाट्यावर वाढलेल्या किडीवर पोसला जाऊ लागला. पर्यायी भक्ष्य ही निसर्गातील योगायोगाची गोष्ट न राहता मनुष्याने हाताळावयाचे साधन बनले.

३. १८९८ : भारतातील आगमन

कॅलिफोर्नियातील यशानंतर काही वर्षांतच हा प्रयोग भारतात झाला. १८९८ साली न्यूपोर्ट यांनी क्रिप्टोलीमस ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला. उद्देश फळबागेचा नव्हता, पिठ्या ढेकणाचाही नव्हता. कॉफीवरील कॉकस व्हिरिडिस या हिरव्या खवले किडीचा नाश करावा, एवढाच हेतू होता. तो साध्य झाला नाही. ठरलेल्या कसोटीने पाहता हा प्रयोग फसला.

या अपयशाचे स्पष्टीकरण होडेक यांच्या भेदाने मिळते. क्रिप्टोलीमसचा प्रौढ भुंगेरा खवले किडी खाऊ शकतो. परंतु मादीस अंडी घालण्यासाठी पिठ्या ढेकणाच्या अंडपुंजाभोवती असतात तशा मेणचट, कापसासारख्या तंतूंची ओढ असते. हिरवी खवले कीड चपटी व उघडी असते; तिच्याभोवती असा कापूस नसतो. म्हणजे जे भक्ष्य त्यास नेमून दिले होते त्यावर त्याची उपजीविका कदाचित झाली असती, वंशवृद्धी होणे कठीण होते.

तथापि ढालकिडा नाहीसा झाला नाही. दक्षिण भारतात तो निरनिराळ्या पिठ्या ढेकणांवर आणि पेरूवरील पल्व्हिनारियासारख्या कापशी अंडपुंज करणाऱ्या खवले किडींवर स्थिरावला. कोणी त्याची नेमणूक न केलेल्या किडींनी त्यास आश्रय दिला. योगायोग असा की, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट असलेल्या घोलवड येथे चिकूच्या लागवडीस आरंभ झाला तो १८९८ मध्येच, असे सांगितले जाते. ज्या वर्षी उत्तर कोकणातील एका मोठ्या फळबागायतीचा पाया घातला गेला, त्याच वर्षी पुढे फळबागांच्या उपयोगी पडणारा परभक्षी भारतात आला. मात्र त्या वेळी या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे कोणासही वाटण्याचे कारण नव्हते.

याच्या उलट उदाहरण निलगिरीचे आहे. कॅलिफोर्नियास त्रस्त करणारी आयसेरिया १९२८ साली तेथील वॅटल झाडांवर आढळली. तिच्यासाठी रोडोलिया मागविण्यात आला आणि तो यशस्वी झाला. येथे नेम आणि फळ यांचा मेळ बसला. इतिहासलेखनात रोडोलियास मानाचे पान मिळाले. क्रिप्टोलीमसची नोंद प्रदीर्घ काळ अयशस्वी आयातीत होत राहिली. कारण यश मोजण्याची कसोटी एकच होती : ज्या किडीसाठी परभक्षी आणला ती कमी झाली की नाही. परभक्षी कशावर जगला, हा प्रश्न त्या कसोटीत बसत नव्हता.

४. रासायनिक कालखंड

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातील फळबागांचा विचार मुख्यतः आंब्यावरील तुडतुड्यांभोवती फिरत होता. वागळे यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेला कोकणातील तुडतुडे व त्यांचे निवारण यांवरील लेख या काळाचा प्रातिनिधिक म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. व तत्सम कृत्रिम कीटकनाशके आली आणि चित्र पालटले. एकाच फवाऱ्याने मुख्य कीड, पर्यायी भक्ष्य आणि परभक्षी ही तिन्ही नाहीशी होऊ लागली.

याचा परिणाम कॅलिफोर्नियात लवकरच दिसून आला. १९४६–४७ च्या सुमारास संत्र्याच्या बागांत डी. डी. टी. फवारल्यानंतर रोडोलिया मेला आणि अर्धशतकापूर्वी आटोक्यात आलेली आयसेरिया पुन्हा उसळली. पॉल डीबाख यांनी याच काळात कीटकनाशकाचा उपयोग उलट रीतीने केला. काही झाडांवरील नैसर्गिक शत्रू औषधाने मारून, शेजारच्या न फवारलेल्या झाडांशी किडीची तुलना केली, आणि जे शत्रू एरवी नजरेस पडत नाहीत त्यांचे कार्य मोजून दाखविले.

यातून निघणारा निष्कर्ष पर्यायी भक्ष्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फवाऱ्यानंतर कीड परत येते ती बाहेरून किंवा वाचलेल्या मोजक्या व्यक्तींपासून, आणि तिचे अन्न, म्हणजे झाड, तयारच असते. परभक्षी परत येतो तेव्हा त्याचे अन्न मात्र शिल्लक नसते. किडीची संख्या वाढल्यानंतरच त्याची वाढ सुरू होते. या विलंबाच्या काळात बागेचे नुकसान होते. जवळपास एखादे निरुपद्रवी पर्यायी भक्ष्य असेल तर हा विलंब कमी होतो.

या विचारास स्पष्ट आधार मिळाला तो कॅलिफोर्नियातील द्राक्षबागांत. डाउट व नाकाटा यांनी १९६५ साली दाखविले की, द्राक्षावरील तुडतुड्यांची अंडी नष्ट करणारी ॲनाग्रस ही सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी हिवाळ्यात रानटी ब्लॅकबेरीच्या झुडपांवरील निराळ्या जातीच्या तुडतुड्यांच्या अंड्यांत राहते. ब्लॅकबेरीवरचा तुडतुडा द्राक्षास त्रास देत नाही. परंतु तो नसेल तर वसंतात द्राक्षबागेचा रक्षक उशिरा पोहोचतो. उदाहरण परोपजीवीचे असले, तरी बांधावरची निरुपयोगी झुडपे बागेच्या रक्षणाचा भाग असू शकतात हे त्याने सिद्ध केले.

५. अपयशी आयातीचे पुनरुज्जीवन

भारतात १९५७ साली बंगळूर येथे राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेचे केंद्र स्थापन झाले. १९७७ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने किडी व तणे यांच्या जैविक नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प हाती घेतला. महाराष्ट्रात पुणे येथे त्याचे केंद्र झाले. या प्रकल्पातूनच पुढे १९९३ साली बंगळूरचे संचालनालय उभे राहिले व आता ते राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या नावाने ओळखले जाते.

या काळात द्राक्ष, पेरू, संत्री व सीताफळ यांवरील पिठ्या ढेकूण ही मोठी समस्या झाली होती. ही कीड झाडाच्या सालीखाली व घडांच्या बेचक्यांत लपते आणि तिच्या अंगावर मेणाचे आवरण असते. त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. अशा वेळी १८९८ च्या त्या विस्मृत ढालकिड्याकडे लक्ष गेले. तो दक्षिणेत स्थिरावलेला होताच. नव्याने आयात करण्याची आवश्यकता नव्हती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू झाली. कॅलिफोर्नियातील बटाट्याच्या जागी येथे लाल भोपळा आला. पिकलेला भोपळा दीर्घकाळ टिकतो, त्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि तो सर्वत्र मिळतो. त्यावर जास्वंद, अंबाडी व द्राक्ष यांवर आढळणारा मॅकोनेलिकॉकस हिरसुटस हा पिठ्या ढेकूण वाढवितात आणि पुरेसा वाढल्यावर त्यावर ढालकिडे सोडतात. महाराष्ट्रातील द्राक्ष व सीताफळ बागायतदारांस क्रिप्टोलीमस हे नाव परिचित झाले ते या मार्गाने.

एक व्यावहारिक अडचण येथे नमूद करणे अवश्य आहे. क्रिप्टोलीमसच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणाचे तंतू असतात आणि ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते. मात्र ती आकाराने मोठी, अधिक लांब तंतूंची व चपळ असते. हा भेद माहीत नसल्यास बागायतदार रक्षकासच कीड समजून मारतो.

या पुनरुज्जीवनाचा अर्थ नीट लावला पाहिजे. सुमारे आठ दशके या ढालकिड्याचे अस्तित्व कोणत्याही योजनेने नव्हे, तर मळ्यांतील, कुंपणांवरील व परसांतील नाना प्रकारच्या किडींनी टिकविले. त्या सर्व किडी त्या काळी कोणी नष्ट करू शकले असते, तर १९७० नंतर भोपळ्यावर पोसण्यास तो उरलाच नसता.

६. मर्यादा

तथापि एवढ्यावरून पर्यायी भक्ष्य नेहमीच हितकारक असते असा सिद्धान्त काढणे इतिहासास धरून होणार नाही. तीन गोष्टी याविरुद्ध साक्ष देतात.

पहिली दक्षिण आफ्रिकेची. तेथे फड्या निवडुंगाने चराऊ जमिनी व्यापल्या असता त्याच्या नाशासाठी डॅक्टिलोपियस हे किरमिजी कीटक सोडण्यात आले. हेच कीटक दख्खनमध्येही, १९२६ साली श्रीलंकेतून आणल्यावर, निवडुंगाचा फडशा पाडण्यात कमालीचे यशस्वी झाले होते. दक्षिण आफ्रिकेत मात्र फळबागांच्या रक्षणासाठी पूर्वीच आणलेल्या क्रिप्टोलीमसने हे उपकारक कीटकच भक्ष्य केले आणि निवडुंगाच्या नाशास अडथळा आणला. शत्रू आणि मित्र हा भेद मनुष्याचा आहे. परभक्ष्यास तो ठाऊक नसतो.

दुसरी साक्ष पपईची. २००८ साली तामिळनाडूत कोइमतूर येथे पॅराकॉकस मार्जिनेटस हा पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि अल्पावधीत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरला. क्रिप्टोलीमस तसेच स्पाल्गिस या फुलपाखराची मांसाहारी अळी हे स्थानिक परभक्षी त्यावर आढळले. परंतु त्यांना ही साथ रोखता आली नाही. २०१० साली प्वेर्तो रिकोहून ॲसेरोफेगस पपाई हा केवळ या किडीचा परोपजीवी आणल्यानंतर ती आटोक्यात आली. व्यापक आहाराचा परभक्षी बागेचा नेहमीचा पहारा चांगला करतो. नव्या आक्रमणाशी गाठ पडली असता एकनिष्ठ शत्रूची आवश्यकता भासते.

तिसरी गोष्ट सैद्धान्तिक आहे. रॉबर्ट होल्ट यांनी १९७७ साली गणिताने दाखविले की, दोन भक्ष्यांचा शत्रू एकच असेल तर ती प्रत्यक्ष स्पर्धा न करताही एकमेकांस हानी पोहोचवितात. एकामुळे परभक्षी वाढतो व दुसऱ्यावर त्याचा भार पडतो. बागायतदारास हेच हवे असते. परंतु हा परिणाम घडण्यास काळ लागतो. अल्पकाळात उलटही घडते. बांधावर विपुल अन्न असेल तर परभक्षी बागेकडे फिरकतच नाही.

७. उपसंहार

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. उत्तर कोकणातील पर्जन्यमानात पिठ्या ढेकणाची संख्या पावसाळ्यात घटते आणि हिवाळ्यानंतर उष्मा वाढू लागताच पुन्हा चढते. म्हणजे परभक्ष्याच्या दृष्टीने पावसाळा हा दुष्काळाचा काळ होय, आणि त्या काळात तो कोठे व कशावर राहतो यावर उन्हाळ्यातील फळांचे रक्षण पुष्कळसे अवलंबून असते.

खडवलीसारख्या ठिकाणच्या वाडीत जास्वंद व रुई शेजारी शेजारी असतात, परंतु इतिहासाच्या कसोटीवर त्यांचे मोल सारखे नाही. रुईवरचा पिवळा मावा, एफिस नेरिआय, रुईच्याच वर्गातील व तत्सम दुधाळ वनस्पतींवर राहतो. आंबा, पेरू किंवा चिकू यांस त्याचा उपद्रव नाही. त्यावर येणारा सहा ठिपक्यांचा ढालकिडा मात्र पेरू व लिंबू यांवरील माव्यावरही तुटून पडतो. रुईतील विषारी रसामुळे हे अन्न ढालकिड्यास उत्तम प्रतीचे नसते, तरी अडचणीच्या काळात ते त्यास जगविते. होडेक यांच्या परिभाषेत ते पर्यायी आहे, आणि ब्लॅकबेरीच्या झुडपांनी शिकविलेला धडाही नेमका हाच आहे. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण याहून निराळा. तो क्रिप्टोलीमसचा आवश्यक आहार आहे खरा. पण तीच कीड पेरू, सीताफळ व द्राक्ष यांवरही जाते. जास्वंदीचे कुंपण हे रक्षकाचे कोठार आणि शत्रूची छावणी एकाच वेळी असते. तेथे कीड सोडून देण्यापेक्षा तिच्यावर नजर ठेवणे, मुंग्यांचा वावर रोखणे आणि पांढऱ्या तंतूंच्या अळ्या दिसत असता फवारा टाळणे, एवढाच विवेक इतिहास सुचवितो.

१८९८ च्या प्रयोगाची नोंद करणाऱ्यांनी ढालकिडा कॉफीवरील कीड खातो की नाही हे पाहिले, आणि त्या मर्यादेत त्यांचा निर्णय बरोबर होता. त्यांनी जे पाहिले नाही ते मळ्याच्या बाहेर, कुंपणांवर आणि परसांत घडत होते. फळबागांच्या इतिहासाचा अभ्यास पिकाच्या ओळींपुरता मर्यादित ठेवल्यास अशा घटना हाती लागत नाहीत. बांध, कुंपण व परस यांचाही इतिहास लिहिला गेला, तरच बागेच्या इतिहासाची संगती लागेल.